फियाटच्या मागचा उजेड

अब्बांच्या फियाटच्या मागच्या बाजूला एकूण सहा बल्बांची सोय होती. डावीकडे दोन, उजवीकडे दोन आणि नंबरप्लेटवर उजेड पाडायला दोन छोटे. त्यातले तीन लागत होते. चौथा डिकी जोरात आपटली तर लागायचा आणि पुढचा खड्डा येईपर्यंत टिकायचा. पाचवा जळालेला होता. सहाव्याच्या जागी कोळ्याचं जाळं होतं. जाळ्यात कोळीही होता, त्यामुळे जागा रिकामी होती असं काही म्हणता येणार नाही.

ही मोजणी मी केली, कारण गाडीची नोंदणी पुढे वाढवायला गेलो तेव्हा तपासणीच्या कागदावर साहेबांनी फक्त "मागील दिवे दिसत नाहीत" एवढंच लिहिलं होतं. मी नुकतीच फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले आहे. "दिसत नाहीत" याला मी निरीक्षण म्हणेन, मोजमाप म्हणणार नाही. मी मोबाइलवर उजेड मोजायचं अॅप घेतलं, अब्बांना ब्रेक दाबून बसवलं आणि दोन फुटांवरून मोजलं. तीन लक्स. तुलनेसाठी काहीतरी हवं, म्हणून शेजारच्या भागूबाईंच्या तुळशीपुढचा दिवा तेवढ्याच अंतरावरून मोजला. तोही तीन लक्स.

"मग तुळशीचाच दिवा बांध की मागं," भागूबाईंचे यजमान पुंजारामकाका कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाले. "तेलावर चालतो. बॅटरीचा ताप नाय."

पुंजारामकाका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही ते कुठल्याही वाहनाकडे त्याचं काहीतरी चुकलंय अशाच नजरेने बघतात.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फेरतपासणी तीन आठवड्यांवर होती आणि माझा मोठा भाऊ हारिस याने घरात जाहीर करून टाकलं होतं की या वेळी गाडी नापास झाली तर ती भंगारात जाणार. अब्बांनी ते कबूल केलं होतं. हारिसभाईला गाडीचा राग होता असं नाही. मागच्या महिन्यात तो स्कूटरवरून अब्बांच्या मागे येत होता, अब्बांनी ब्रेक दाबला, ते त्याला कळलंच नाही आणि तो सरळ डिकीला जाऊन भिडला. त्याला लागलं नाही. स्कूटरचं मडगार्ड वाकलं, डिकीला काहीही झालं नाही, आणि अब्बांना धडक झाल्याचंच घरी आल्यावर समजलं.

"आज मैं था अब्बा," तो म्हणाला होता, "कल ट्रक रहेगा."

अब्बा म्हणजे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. केसाच्या जाडीएवढा फरक बोटाने ओळखायचे. ते फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. चौऱ्याऐंशी सालची ती गाडी त्यांनी नोकरीच्या पाचव्या वर्षी जुनी घेतली होती. पुसताना ते छपरावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहतात. आम्ही कोणी त्या वेळी त्यांना हाक मारत नाही.

म्हणून मी म्हटलं, मी करते. सगळे बल्ब काढायचे, एलईडी बसवायचे. एका संध्याकाळचं काम आहे.

हे वाक्य मी अम्मी, अब्बा, हारिसभाई आणि भिंतीवरचे पुंजारामकाका अशा चार साक्षीदारांसमोर बोलले, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक जास्त शास्त्रीय होती. दुकानात मी पांढरे, लाल आणि पिवळे असे एलईडी बघितले, प्रत्येकाच्या खोक्यावर छापलेला उजेडाचा आकडा वाचला आणि सर्वांत मोठा आकडा पांढऱ्यावर होता म्हणून सगळे पांढरे घेतले. पांढऱ्यात सगळे रंग असतात. पुढे लाल काच आहेच, ती आपल्याला हवा तो लाल गाळून देईल. युक्तिवादात फट नव्हती. दुकानदार म्हणालाही, "मॅडम, लाल काचेला लाल घ्या." मी त्याला वर्णपट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो ऐकून घेत होता. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तेही ऐकत होतं.

संध्याकाळी अंगणात सगळे जमले. अब्बांनी ब्रेक दाबला.

गुलाबी.

लालसर नाही, केशरी नाही. स्पष्ट गुलाबी. पांढऱ्या एलईडीत निळा ठासून भरलेला असतो आणि लाल अगदी थोडा, आणि चाळीस वर्षं ऊन खाल्लेली काच जे काय येईल ते बाहेर सोडते. हे मला माहीत होतं. माझा एम.एस्सी.चा प्रकल्पच दिव्यांच्या वर्णपटावर होता. मला त्यात चांगले गुण आहेत.

"लई गोड दिसतंय गं," भागूबाई म्हणाल्या. "गुलकंदावानी."

"अब्बा," हारिसभाई म्हणाला, "अब कुल्फी की घंटी भी लगालो."

शाळेत पस्तीस वर्षं शिकवल्यामुळे नापास झालेल्या मुलाशी कसं वागायचं हे अम्मीला माहीत आहे. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "चाय पीती?"

त्या हाताने मला जेवढं लागलं तेवढं कुल्फीनेही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात जाऊन लाल आणि पिवळे घेतले. डबा पुढे करताना दुकानदार "वर्णपट बघून घ्या" एवढंच म्हणाला.

आता दिवे लाल लागले, छान लागले. पण ब्रेक दाबला की त्याच्याबरोबर दोन्ही बाजूंचे इंडिकेटरही मंद पेटायचे. पुंजारामकाका मागे उभे राहून बराच वेळ बघत होते.

"पोरी, म्हंजी मागच्यानं काय समजायचं? गाडी थांबणार, का दोन्हीकडं वळणार?"

"काका, अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे."

"तुझा असंल. मागच्याला काय ठावं?"

मग अझहरला बोलावलं. अझहर गाड्यांचं वायरिंग करतो. त्याच्या तोंडात कायम टेस्टर असतो, त्यामुळे तो जे बोलतो ते दातांतून येतं आणि फार आत्मविश्वासाने येतं. त्याने डिकी उघडली, तारांचा तो गुंता बघितला आणि म्हणाला, "ये किसने किया?" अब्बा म्हणाले, "तूने. दो हजार ग्यारा में." अझहरने टेस्टर दुसऱ्या बाजूला सरकवला आणि सांगितलं की एलईडी खराब आहेत. मी सांगितलं की दिव्याचं घर आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये गंज आहे, परतीची वाट बंद आहे, म्हणून वीज शेजारच्या दिव्यातून घुसते. जुन्या बल्बला एवढ्याशा विजेने काही व्हायचं नाही, एलईडी तेवढ्यावरही पेटतो. तो म्हणाला एलईडी खराब. मी म्हटलं गंज. अब्बा म्हणाले, दोन्ही धरून चला. त्याने एलईडी काढून परत लावले, मी गंज घासून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार जोडली. दोष गेला. कोणामुळे गेला यावर अझहरचं आणि माझं आजतागायत एकमत नाही.

आणि मग लक्षात आलं की इंडिकेटर लागतो, पण लुकलुकत नाही. एकदा लागला की नुसता लागून राहतो.

याचं कारण सोपं आहे. जुन्या गाडीत फ्लॅशर नावाची एक डबी असते. तिच्यात पत्र्याची बारीक पट्टी. बल्ब वीज ओढतो, पट्टी तापते, वाकते, दिवा बंद. थंड होते, सरळ होते, दिवा चालू. एलईडी इतकी कमी वीज ओढतो की पट्टी तापतच नाही. थोडक्यात, माझे दिवे इतके चांगले होते की चालत नव्हते. मी नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणून बसवला. दिवे घड्याळासारखे लुकलुकू लागले. मी हात धुतले आणि माझ्यापुरता हा विषय संपवला.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. अब्बा गाडी चालवताना अम्मी बोलते. ती थांबत नाही आणि तिने थांबावं असं कोणाला वाटतही नाही. पण जुन्या फ्लॅशरची टिकटिक सुरू झाली की गाडीतल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. वळण होईस्तोवर कोणी बोलायचं नाही, हा अब्बांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी घातलेला नियम. अम्मीची कित्येक वाक्यं शहरातल्या चौकांमध्ये अर्धी राहिली आहेत. क्रांती चौकात तिच्या एका मामेबहिणीचा साखरपुडा मोडला तो मोडलाच, का मोडला ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही. कारण तिथून पुढे वळणं फार आहेत.

नवा फ्लॅशर आवाज करत नव्हता.

रविवारी आम्ही चिकलठाण्याला एका वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीला, निघालो. पुढे अब्बा आणि अम्मी, मागे मी आणि पुंजारामकाका. काकांना आमंत्रण नव्हतं. त्यांना गाडीची ट्रायल घ्यायची होती. जालना रोडला लागल्यावर अम्मीने मामेबहिणीचा विषय काढला. अब्बांनी डावीकडे वळायला इंडिकेटर दिला. टिकटिक नाही. अम्मी बोलत राहिली. अब्बा टिकटिकीची वाट बघत राहिले. ती आली नाही म्हणून त्यांना वाटलं इंडिकेटर लागलाच नाही, म्हणून त्यांनी दांडी परत खालीवर केली, तेवढ्यात हॉलचं वळण मागे गेलं.

"शौकतभाई, राहिलं की मागं!" काका अब्बांना म्हणाले.

"चूप, चूप, वळायचंय."

"वळायचं व्हतं!"

"तो लडके की फूफी ने बोला," अम्मी सांगत होती, "के लडकी के दाँत..."

पुढचं वळण समोर आलं आणि अब्बांनी ते घेतलं. रस्ता एकदम रुंद, स्वच्छ, कडेला फुलझाडं. असा रस्ता आपल्यासाठी नसतो हे मला लगेच समजलं, पण मागे तीन टॅक्सी लागल्या होत्या. आम्ही विमानतळाच्या दारात जाऊन थांबलो.

गणवेशातला जवान खिडकीशी वाकला. "कौनसी फ्लाइट?"

"फ्लाइट नहीं," अब्बा म्हणाले. "वलीमा."

जवानाने आत बघितलं. अम्मीच्या मांडीवर झगमगीत कागदात बांधलेला डिनर सेट होता. काका धोतर-टोपीत ताठ बसले होते. "अंकल, आपका इंडिकेटर कब से चालू है," तो म्हणाला. "मैं वहाँ से देख रहा हूँ."

"किती लांबून?" मी मागून विचारलं. मोजमाप मिळत असेल तर सोडू नये. त्याने गाडी वळवायला हात केला.

अम्मीची गोष्ट मात्र विमानतळाच्या दारात पूर्ण झाली. लडकीचे दाँत ठीक होते, फूफीचा, म्हणजे मुलाच्या आत्याचा, चष्मा खराब होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला पूर्णविराम मिळाला आणि ती इतकी खूश झाली की वलीम्यात तिने तीच गोष्ट आणखी दोघींना सांगितली.

अब्बा मात्र घरी आल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"जो दिवा बोलत नाही, तो लागलाय हे मला कसं कळणार?"

"अब्बा, समोर हिरवा दिवा लुकलुकतो ना."

"गाडी चलाते वक्त रस्ता देखना पडता बेटा. दिवे नहीं." आणि मग, "हारिस बरोबर म्हणतो का गं? गाडी जुनी झाली, चालवणारा पण?"

ते मला ऐकवेना. मी त्याच संध्याकाळी जुना फ्लॅशर परत बसवला. त्याला तापायला वीज हवी, तर ती देणार. अम्मीसमोर डॅशबोर्डात जो झाकणाचा कप्पा आहे, त्यात मी काढलेल्या जुन्या बल्बांपैकी दोन बसवले, एक डाव्या इंडिकेटरसाठी, एक उजव्या. मागे एलईडी लुकलुकणार, त्याच वेळी कप्प्यात बल्ब लुकलुकणार, पट्टी तापणार, टिकटिक होणार. झाली. अब्बांनी डावीकडची टिकटिक ऐकली, उजवीकडची ऐकली, आणि ते हसले.

विजेची बचत या दृष्टीने पाहिलं तर मी एलईडीने वाचवलेली सगळी वीज अंधाऱ्या कप्प्यात नेऊन जाळत होते. हे मी माझ्या विभागातल्या कोणाला सांगितलेलं नाही.

कप्प्यात अम्मीच्या खोकल्याच्या गोळ्या असतात हेही मी विसरले होते. तपासणीच्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी नोंदणीचं पुस्तक मागितलं, तेव्हा ते कप्प्यातून आलं ते आल्याच्या वासासकट आणि बल्बांच्या उष्णतेने वितळलेल्या चार गोळ्या पोटाशी चिकटवून. बाईंनी फूटपट्टी घालून पानं सोडवली. एक गोळी इंजिन क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांवर बसली होती.

"हे काय आहे?"

"खोकल्याचं औषध आहे मॅडम," अब्बा म्हणाले.

"इंजिन क्रमांक वाचता येत नाही."

मग बॉनेट उघडून क्रमांक इंजिनावरून वाचला गेला, मी तो ओरडून सांगितला, बाईंनी तो पडताळला. हे होईपर्यंत दुपार झाली आणि आमचा नंबर मैदानात लागला. हारिसभाईही आला होता. त्याच्या खिशात भंगारवाल्याचा फोन नंबर होता. तो त्याने लपवला नव्हता आणि दाखवलाही नव्हता.

साहेब तेच. त्यांनी गाडी ओळखली. "मागचे दिवे ना?"

"जी," मी म्हणाले. "नवीन बसवलेत."

"ब्रेक."

अब्बांनी ब्रेक दाबला. साहेब मागे उभे. ऊन असं की समोरच्या ट्रकचा पिवळा रंगही पांढरा दिसत होता. मी साहेबांच्या शेजारी उभी होते, आणि खरं सांगायचं तर मलाही काही दिसलं नाही.

"दाबला का?"

"दाबलाय!" गाडीतून अब्बा, अम्मी आणि पुंजारामकाका एकदम.

"दिसत नाही," साहेब म्हणाले आणि पेन काढलं.

तीन आठवड्यांचं काम, आणि कागदावर तेच दोन शब्द. "सर, ऊन आहे. उन्हात कुठलाच दिवा... सावलीत बघाल का?" मैदानात सावली नव्हती. एक झाड होतं, त्याच्याखाली आधीच एक टेम्पो नापास होऊन उभा होता.

अम्मी गाडीतून उतरली. तिच्या हातात मागच्या सीटवर अंथरलेली चादर होती. ती तिने सरळ हारिसभाईच्या हातात दिली. "पकड."

"मैं?"

"तू लंबा है."

हारिसभाईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्टिअरिंगवरच्या अब्बांच्या मानेकडे बघितलं, आणि चादर डिकीवर ताणून धरली. दुसरं टोक पुंजारामकाकांनी उतरून धरलं. साहेब एक क्षण थांबले. मग टोपी काढून वाकले आणि चादरीखाली गेले. मागच्या ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. चादरीवर मोठाली निळी कमळं होती आणि तिच्याखालून सरकारी आवाज येत होता.

"ब्रेक!"

अब्बांनी दाबला.

"सोडा! पुन्हा! डावा! उजवा!"

टिकटिक, टिकटिक. नियमाप्रमाणे आम्ही सगळे गप्प झालो. चादरीखालून साहेबांनीही पुढचा हुकूम दिला नाही, का ते त्यांनाच माहीत. वळण नव्हतंच, त्यामुळे ही शांतता कधी संपवायची हे कोणालाच कळेना. शेवटी अब्बांनी इंडिकेटर बंद केला.

साहेब बाहेर आले, टोपी घातली आणि पुढे गेले. "आवाज कुठून येतोय?" त्यांनी कप्पा उघडला. आत बल्ब, आणि बल्बांच्या मध्ये कापडात गुंडाळलेलं नान. अम्मीने खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, घरून डब्यात आणला होता आणि नान गरम राहावं म्हणून तिथे ठेवलं होतं. बल्बांनी नान कितपत तापेल याचा हिशोब मी केला होता आणि उत्तर निराशाजनक होतं, पण तिने तो मान्य केला नव्हता.

"हे दिवे कशाला?"

मी पट्टीचं तापणं, वाकणं, एलईडीची कमी वीज, सगळं सांगितलं. साहेबांनी अब्बांकडे बघितलं.

"आवाज हवा म्हणून," अब्बा म्हणाले. "त्याशिवाय मला वळता येत नाही."

"खाते क्या साब?" अम्मीने विचारलं. "नान खलिया."

"ड्यूटीवर नाही, मावशी." त्यांनी कप्पा बंद केला, हलक्या हाताने. मग कागद बॉनेटवर ठेवून लिहिलं. मागील दिवे: ठीक. खाली सही. नोंदणी आणखी पाच वर्षं.

पुंजारामकाकांनी चादरीची घडी घालायला घेतली आणि ती उलटी घातली. अम्मीने अब्बांच्या खांद्यावर चापट मारली. अब्बा गाडीतून उतरले, छपरावर हात ठेवून उभे राहिले, आणि या वेळी हारिसभाई त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"चादर में पास हुई अब्बा," तो हळूच म्हणाला. "मैं पीछे से आता. देखूँगा."

परतताना ऊन उतरलं होतं. तो स्कूटरवर आमच्या मागे. मी मागच्या काचेतून त्याच्याकडे बघत होते, तो दिव्यांकडे बघत होता. अम्मी पुढे खलियाच्या मसाल्याबद्दल काही सांगत होती. गल्लीच्या तोंडाशी कोथिंबिरीची हातगाडी अचानक समोर आली आणि अब्बांनी ब्रेक दाबला, पाय पूर्ण खाली जाईपर्यंत.

मागे स्कूटरचा टायर किंचाळला नाही. मी दार उघडून उतरले. हारिसभाई दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभा होता, तोंडावर लाल उजेड.

"टेप है?" त्याने विचारलं.

अब्बांच्या गाडीत मोजायची टेप नेहमी असते, टूलरूमची सवय. एक टोक मी बंपरला धरलं, दुसरं त्याने स्कूटरच्या पुढच्या चाकाला लावलं. हातगाडीवाला बघत थांबला. मागे एक रिक्षा हॉर्न वाजवत होती.

चार मीटर साठ सेंटीमीटर.